निरोपाची खुली वाट आणि शेतावरील यंत्रे

कपाशीतील कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग आढळले, म्हणजे उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. ही गोष्ट बोरगाव मेघे येथील एका शेतात आज कळली आणि शेजाऱ्यास आठ दिवसांनी समजली, तर तिचा उपयोग काय? अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. २००८ साली पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनची मोठी हानी केली. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात पाहणीचे आकडे संगणकावर जातात आणि सल्ला मोबाइलवर लघुसंदेशाने येतो. हा लघुसंदेश कोणत्याही कंपनीच्या मोबाइलवर पोचतो, कारण त्याचे नियम जाहीर असून सर्वांनी ते मान्य केलेले आहेत. खुल्या पद्धतीचे मर्म हेच होय.

तात्काळ निरोपासाठी इंटरनेटवरही अशा खुल्या पद्धती आहेत. जेरेमी मिलर यांनी १९९९ साली 'जॅबर' या नावाने जाहीर केलेली पद्धत पुढे एक्सएमपीपी म्हणून प्रमाण ठरली. अमेरिकेचे हवामान खाते आपले इशारे याच वाटेने पाठविते. व्हॉट्सॲपचाही आरंभ याच पद्धतीच्या खुल्या सामग्रीवर झाला. मात्र पुढे ती बदलून घेऊन कंपनीने स्वतःपुरती ठेवली. गूगल टॉक २००५ साली खुल्या वाटेने निघाला होता, तोही २०२२ साली कायमचा बंद झाला. गप्पागोष्टींचे साधन बंद पडले तर दुसरे मिळते. विहिरीवरील मोटारीचे साधन बंद पडल्यास पीक वाळते.

म्हणून शेतकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते एमक्यूटीटी या पद्धतीकडे. अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी ती १९९९ साली तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी रचली. उपग्रहाद्वारे निरोप पाठविणे महाग असल्याने निरोप अगदी आटोपशीर ठेवण्यात आला. त्याचा ठराविक मथळा अवघ्या दोन बाइटचाही असू शकतो. मधोमध एक वाटप-ठाणे असते. ओलावा मोजणारे यंत्र आपला आकडा तेथे टाकते आणि ज्यांनी त्या विषयाची मागणी नोंदविली असेल, त्या सर्वांना तो तत्क्षणी मिळतो. यंत्र आपले 'इच्छापत्र'ही ठाण्याकडे आधीच ठेवू शकते. वीज गेली वा संपर्क तुटला की ठाणे ते उघडून 'यंत्र अबोल झाले' असे धन्यास कळविते. ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळ यंत्राकडून काही न आल्यास संपर्क तुटला असे धरतात. मुदत साठ सेकंदांची असेल, तर नव्वद सेकंदांत वार्ता येते.

निरोप पोचविण्याचे तीन प्रकार आहेत: फार तर एकदा, निदान एकदा, आणि नेमका एकदा. ओलाव्याचा एखादा आकडा हुकला तरी बिघडत नाही. मोटारीच्या आज्ञेस मात्र पहिला प्रकार चालणार नाही. 'निदान एकदा' या प्रकारात तोच निरोप दोनदा येऊ शकतो. अशा वेळी आज्ञा 'स्थिती उलट कर' अशी असेल, तर मोटार सुरू होऊन लगेच बंद पडेल व शेतकरी घरी निश्चिंत बसेल! 'सुरू कर' ही आज्ञा दोनदा आली तरी मोटार सुरूच राहते. विक्रेत्यास हे अवश्य विचारावे.

वाट खुली म्हणजे बिनकुलपाची नव्हे. परवलीचा शब्द व निरोपाचे गुप्तलेखन नसेल, तर परक्याच्या हाती मोटारीची कळ जाईल. तसेच कंपनीचे ठाणे बंद झाल्यास यंत्र दुसऱ्या ठाण्यास जोडता येते काय, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वीच लेखी घ्यावयास सांगावे. यंत्र बसविताना मोटार चालू असता इंटरनेट मुद्दाम बंद करून पाहावे. ती वेळेवर आपोआप थांबली, तरच पावतीवर सही करावी.