ट्रायम्फचे संस्थापक सीगफ्रीड बेटमन

पुण्याजवळील चाकणच्या बजाज कारखान्यातून आज ‘ट्रायम्फ’ नावाच्या मोटारसायकली बाहेर पडतात. हे नाव ज्यांनी योजिले, ते सीगफ्रीड बेटमन मूळचे इंग्रज नव्हते. १८६३ साली जर्मनीतील न्युरेम्बर्ग येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विशीत ते लंडनला आले, ते भांडवल घेऊन नव्हे. अनेक भाषांचे ज्ञान एवढीच त्यांची पुंजी होती. त्या बळावर त्यांनी प्रथम अनुवादाचे काम केले, पुढे शिवणयंत्रांच्या कंपनीत विक्रेत्याचे. त्यानंतर ते स्वतंत्रपणे सायकलींच्या व्यापारात उतरले.

सायकली बर्मिंगहॅममध्ये तयार होत आणि बेटमन त्या आपल्या नावाने विकत. परंतु परदेशी आडनाव ग्राहकाच्या ओठी बसेना. तेव्हा १८८६ मध्ये त्यांनी युरोपातील बहुतेक भाषांत समजेल असा ‘ट्रायम्फ’ हा शब्द निवडला. पेढीच्या पाटीचे मोल जाणणाऱ्या वाचकास हा निर्णय किती मोठा, हे सांगावयास नको.

पुढे जर्मनीहूनच आलेले मॉरिट्झ शुल्टे भागीदार झाले आणि कारखाना कॉव्हेन्ट्रीत उभा राहिला. १८९५ च्या सुमारास एक जर्मन मोटारसायकल पारखून पाहूनही दोघांनी घाई केली नाही. १९०२ मध्ये बेल्जियमचे मिनर्व्हा इंजिन बसवून पहिली गाडी निघाली. १९०५ मध्ये इंजिनही घरचे झाले. १९०८ च्या आइल ऑफ मॅन शर्यतीत एक-सिलिंडर गटात ट्रायम्फ पहिली आली.

१९१३ मध्ये कॉव्हेन्ट्रीने बेटमन यांना महापौर केले. अवघ्या काही महिन्यांत महायुद्ध पेटले. ब्रिटिश नागरिकत्व केव्हाच पत्करलेल्या या गृहस्थाचे जन्मस्थान एकाएकी सर्वांना आठवू लागले. वर्ष सरताच महापौरपद गेले. स्टँडर्ड मोटार कंपनीचे अध्यक्षपदही सोडावे लागले. याच काळात युद्धखात्याकडून त्यांच्याकडे तातडीने १०० मोटारसायकली मागण्यात आल्या, आणि त्यांनी त्या रवाना केल्या! पुढे ‘मॉडेल एच’च्या सुमारे ३०,००० गाड्या सैन्यास पुरवल्या गेल्या. निरोप्या शिपायांनी तिला ‘भरवशाची’ म्हणावे, आणि तिच्या निर्मात्यावर मात्र भरवसा नसावा, ही विसंगती त्यांनी मुकाट्याने सोसली.

युद्धानंतर शुल्टे यांच्याशी मतभेद होऊन भागीदारी संपली. मोटारगाड्यांकडे वळलेली कंपनी मंदीत अडचणीत आली आणि १९३३ मध्ये बेटमन कारभारातून दूर झाले. तरीही त्यांनी शहर सोडले नाही. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या कॉव्हेन्ट्रीने त्यांना परके ठरविले होते, तेथील होतकरूंना स्वतःचा व्यवसाय सुरू करता यावा, म्हणून पत्नी ॲनी यांच्या नावे त्यांनी एक निधी स्थापन केला होता.