पहिल्या अंकात कोण कुठे उभं आहे?

दिवाळी आटोपते, पवनी तालुक्यातल्या आसगावच्या परिसरात धान कापणीला येतं आणि झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागतात. दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्री नाटक. मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो, माणसं चादरी लपेटून बसतात आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत रंगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतली ही रंगभूमी. वडसा हे तिचं मोठं केंद्र. इथले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने तिच्याकडे जरा मान वळवून पाहिलं.

इथल्या पहिल्या अंकाला घाई नसते, कारण अख्खी रात्र हाताशी असते. सिनेमाला ही चैन परवडत नाही. सिड फील्ड या अमेरिकन लेखकाने 1979 च्या ‘स्क्रीनप्ले’ या पुस्तकात हिशेबच मांडला: पटकथा सुमारे 120 पानांची, पान म्हणजे साधारण एक मिनिट, आणि पहिली तीसेक पानं माणसं व पेच उभे करण्यासाठी. पण ती पानं भरायची कशाने, हे हिशेबातून कळत नाही. मराठी मुलखातले चांगले सिनेमे पाहिले की त्याचं उत्तर मिळतं: माणसाला काय हवंय आणि तो कुणाच्या जागेत उभा आहे, हे आधी दाखवावं.

दादासाहेब फाळक्यांना हे 1913 मध्येच उमगलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आज उपलब्ध असलेल्या रिळांत सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो, राणी शेजारी असते. भरलेलं घर. मग राजा शिकारीला निघतो आणि विश्वामित्राच्या यज्ञात जाऊन पोचतो. पाऊल दुसऱ्याच्या हद्दीत पडलं आणि कथा सुरू झाली.

एकशे तीन वर्षांनी आलेला ‘सैराट’ मैदानावर उघडतो. गावची क्रिकेट स्पर्धा, माइकवर समालोचकाची अखंड बडबड, आणि मासेमाराचा मुलगा परश्या खेळाचा हिरो. गाव त्याला डोक्यावर घेतं. पण बक्षीस समारंभाला येतो तो नायिका आर्चीचा बाप, तिथला पुढारी. भाषणात तो विरोधकाला टोमणा मारतो, की याच्या घरातल्या बायका याला आवरत नाहीत. लोक हसतात. दिग्दर्शक नागराज मंजुळे इथे कॅमेऱ्याने काहीही ठासून सांगत नाहीत. आर्ची-परश्याचं एकत्र दृश्यही अजून आलेलं नाही, तरी या माणसाची मुलगी घराबाहेर पडली तर काय होईल, हे तेवढ्या हशात येऊन गेलेलं असतं. दुसऱ्यांदा पाहताना तोच हशा अंगावर येतो. अलीकडच्या मराठी सिनेमात इतकी घट्ट विणलेली सुरुवात क्वचितच सापडेल.

मंजुळेंच्याच त्याआधीच्या ‘फँड्री’त जब्या गलोल घेऊन काट्याकुट्यांतून काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो. चिमणीची राख आवडत्या शालूवर टाकली की शालू आपल्यावर भाळेल, ही त्याची भाबडी आशा. शिवारातल्या ओसाडीत तो मोकळा असतो. गावात शिरला की डुकरं धरणाऱ्यांचा पोरगा. दगड पहिल्या दृश्यापासून त्याच्या हातात असतो. शेवटी तो भिरकावला जातो, तेव्हा निशाणा बदललेला असतो.

‘सामना’ (1974) मध्ये विजय तेंडुलकरांनी पेच उलटा घातला: दारूने झिंगलेला अनोळखी मास्तर साखरसम्राट हिंदूरावाच्या आश्रयाला येतो, आणि यजमानाचं अन्न खाऊनच त्याला नको ते विचारू लागतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मात्र वेगळ्याच वाटेने जातो. शाहीर नारायण कांबळे घरी मुलांची शिकवणी घेतो, बसने निघतो, चौकातल्या स्टेजवर गातो. कॅमेरा दूर, प्रेक्षकांत बसल्यासारखा. पोलीस त्याला तिथूनच घेऊन जातात. कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, चळवळीत आयुष्य घातलेले कार्यकर्ते. त्यांची स्टेजवरची सहजता पाहिली की ती अभिनयातून आलेली नाही, हे जाणवतं. पुढे तो शाहीर न्यायालयात नुसता बसून असतो, आणि त्याच्या गाण्याबद्दल दुसरेच बोलत राहतात.