जाहिरात घराची, कसोटी विश्वासाची

दिल्लीच्या नैऋत्येस दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेल्या द्वारका उपनगरात २००५ च्या अखेरीस मेट्रो पोहोचली. प्राधिकरणाच्या व सहकारी संस्थांच्या येथील सदनिका आज संकेतस्थळांवर छायाचित्रांसह विक्रीस मांडल्या जातात. वर्तमानपत्रातील चार ओळींची जागा विस्तारली, तशी जाहिरातदाराची जबाबदारीही वाढली.

एक सदनिका एकदाच नोंदवावी, छायाचित्रे त्याच घराची असावीत, जाहिरात देणारा मालक की मध्यस्थ हे स्पष्ट असावे आणि व्यवहार होताच नोंद काढावी, ही पथ्ये सर्वांसाठीच हिताची आहेत. नोंदणीस पात्र नव्या प्रकल्पांसाठी त्यापुढे कायदा उभा आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीपूर्वी प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही; जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास तो भरपाईस पात्र ठरतो.

मात्र मालक स्वतःची जुनी सदनिका विकतो तेव्हा मुख्य प्रश्न मालकीहक्काचा असतो. दिल्लीत मुखत्यारपत्रावर घरे विकण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट केले. म्हणून घर ‘फ्रीहोल्ड’ आहे की भाडेपट्ट्याचे, नोंदणीकृत खरेदीखत आहे की केवळ मुखत्यारपत्र, हे जाहिरातीतच नमूद करावे. अन्यथा गृहकर्जासाठी कागदपत्रांची छाननी होताच सत्य उघड होते आणि तोवर खरेदीदाराची बयाणा रक्कम अडकलेली असते.