वेदीवरची भाकर आणि मुळा-मुठेचे पाणी

कॅथॉलिक धर्मजीवनात अलीकडे दोन गोष्टींवर विशेष भर दिला जातो. एक म्हणजे पवित्र साक्रामेंताची, अर्थात मिस्सेत अर्पण केलेल्या ख्रिस्तप्रसादाची आराधना आणि दुसरी म्हणजे परमेश्वराने निर्माण केलेल्या सृष्टीची निगा. पहिली भक्तीच्या क्षेत्रातली आणि दुसरी समाजसेवेच्या क्षेत्रातली, अशी सोयीची विभागणी अनेकदा केली जाते. परंतु चर्चची शिकवण आणि जुन्या प्रथा बारकाईने पाहिल्या, तर ही एकाच श्रद्धेची दोन अंगे असल्याचे दिसते, आणि नदी, कचरा व पाणी यांच्या प्रश्नांनी घेरलेल्या पुण्यासारख्या शहरात त्यांचे नाते समजून घेणे विशेष महत्त्वाचे ठरते.

पुण्यातील कॅथॉलिक समाजाचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. पेशव्यांच्या लष्करातील ख्रिस्ती सैनिकांसाठी सवाई माधवरावांच्या काळात मिळालेल्या जागेवर 1792 साली नाना पेठेत उभे राहिलेले चर्च आजही ‘सिटी चर्च’ या नावाने ओळखले जाते. पुढे 1886 साली पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालचा प्रदेश झाला. धर्मप्रांताचा सर्वांत लहान घटक म्हणजे धर्मग्राम, अर्थात एका चर्चभोवती एकत्र येणारा भाविकांचा समुदाय. पुण्यातील धर्मग्रामांत मराठी, गोवेकर, मंगळूरकर, तमिळ आणि मल्याळी कुटुंबे एकत्र नांदतात, आणि प्रत्येकाने आपापल्या मातीतले सण येथे आणले आहेत.

या समुदायाच्या केंद्रस्थानी मिस्सा ही मुख्य उपासना असते. मिस्सेत धर्मगुरू वेदीवर गव्हाची बेखमीर भाकर आणि द्राक्षांचा रस आंबवून केलेला द्राक्षारस अर्पण करतात, आणि श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. भाकरीत गव्हाचे पीठ आणि पाणी यांखेरीज काहीही असू नये, असा चर्चचा नियम आहे. अर्पणाच्या प्रार्थनेत या वस्तूंचा उल्लेख जमिनीची देणगी आणि माणसाच्या हातांची मेहनत असा जोडून येतो, त्यामुळे पेरणी, पाऊस, कालव्याचे पाणी, मळणी आणि दळण ही सारी साखळीच वेदीपर्यंत पोहोचते. मिस्सेनंतर उरलेला ख्रिस्तप्रसाद आजाऱ्यांसाठी आणि आराधनेसाठी कुलूपबंद पवित्र पेटीत ठेवला जातो, तिच्याजवळ अखंड दिवा तेवतो, आणि ठरावीक वेळी तो किरणांच्या आकाराच्या पात्रात मांडून भाविक त्यापुढे मौनाने बसतात. या भक्तीचा स्वतंत्र सण, ख्रिस्तशरीराचा सोहळा, पोप चौथे अर्बन यांनी 1264 साली सर्व चर्चसाठी लागू केला.

या भक्तीत निसर्गाविषयीचा आदर किती खोलवर रुजला आहे, हे एका फारशा न दिसणाऱ्या व्यवस्थेवरून कळते. अनेक चर्चमध्ये, धर्मगुरू मिस्सेची तयारी करतात त्या खोलीत, एक वेगळे कुंड असते, ज्याची नळी सांडपाण्याच्या वाहिनीला न जोडता थेट जमिनीत सोडलेली असते; ख्रिस्तप्रसादाशी संबंध आलेली वस्त्रे पहिल्यांदा धुतल्यावरचे पाणी त्यात ओततात. जे अत्यंत पवित्र मानले, ते गटारात न जाता मातीत जावे, असा त्यामागचा विचार आहे, आणि मातीला पवित्र वस्तू स्वीकारण्याच्या योग्यतेची मानणाऱ्या परंपरेला तीच माती प्लॅस्टिकने आणि रसायनांनी बिघडलेली पाहून स्वस्थ बसता येत नाही.

हा धागा पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात, म्हणजे जगभरच्या चर्चला आणि सर्व माणसांना उद्देशून लिहिलेल्या शिकवणुकीच्या पत्रात, स्पष्टपणे मांडला. मिस्सेत सारी सृष्टी परमेश्वराचे आभार मानते आणि म्हणूनच मिस्सा पर्यावरणाविषयीच्या आस्थेला प्रकाश व प्रेरणा देते, असे त्यात प्रतिपादन आहे. त्याच वर्षी त्यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीच्या निगेसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. ऑर्थोडॉक्स चर्चने हा दिवस 1989 सालीच स्वीकारला होता. दरवर्षी 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, ‘सृष्टीचा काळ’ पाळला जातो. 2025 साली तर सृष्टीच्या निगेसाठीची स्वतंत्र मिस्सा रोमने मंजूर केली आणि पोप चौदावे लिओ यांनी ती जुलैमध्ये अर्पण केली.

महाराष्ट्र आणि कोकणपट्टीतील ख्रिस्ती लोकजीवनाला हे नाते नवे नाही. 8 सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिनी, मंगळूरकर कुटुंबे नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादित करून घेतात आणि नव्या दाण्याचा घास घरातील सर्वांसोबत वाटून खातात. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो. शेतापासून दूर आलेल्या शहरी पिढीला ताटातल्या अन्नाचा उगम दाखवण्याचे काम हे सण करतात.

प्रत्यक्ष कामाचा मोठा दाखलाही जवळचाच आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी तेव्हाच्या अहमदनगर परिसरातील दुष्काळी गावांत दीर्घकाळ काम करून, डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याची, म्हणजे पाणलोट विकासाची लोकसहभागी पद्धत रुजवली, आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः स्वीकारल्याखेरीज बंधारे टिकत नाहीत, ही या कामाची शिकवण होती, आणि ती शहरातील धर्मग्रामांनाही तितकीच लागू पडते.

शहरातील धर्मग्रामापुढची कामे साधी आणि मोजता येण्याजोगी आहेत. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या हिशेबाने हजार चौरस मीटर छपरावर सुमारे सात लाख लिटर पाणी पडते, आणि त्यातला बराचसा भाग चर्चच्या आवारात जिरवता येतो. सृष्टीच्या काळात पुण्यात बहुधा गणेशोत्सवही असतो आणि निर्माल्य नदीत न टाकण्याचे आवाहन शहरभर होते. वेदीवरची फुले कंपोस्ट खतात घालणे ही त्याच नागरी शिस्तीला दिलेली साथ होय. सणाच्या जेवणातून थर्माकोल आणि एकदाच वापरायचे प्लॅस्टिक हद्दपार करणे, तसेच ओला-सुका कचरा वेगळा करून देणे, हे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतील कचरावेचकांच्या श्रमांचा मान राखणेही आहे, कारण ज्या हातांच्या मेहनतीचा उल्लेख मिस्सेत होतो, त्यांत हे हातही येतात.

म्हणून धर्मग्रामात आराधनेचे नियोजन एका समितीने आणि वृक्षारोपणाचे दुसऱ्या समितीने, एकमेकांशी न बोलता करणे पुरेसे नाही. आराधनेच्या तासात मुळा-मुठा या नद्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी आणि सफाई कामगारांसाठी प्रार्थना व्हावी, आणि त्या प्रार्थनेतून ठरलेले एक काम पुढच्या महिन्यात पूर्ण झाले की नाही, याचा हिशेब समुदायापुढे मांडला जावा. भक्तीवाचून हे काम चार दिवसांच्या उत्साहानंतर थंडावते आणि कामावाचून भक्ती अर्धवट राहते. दोन्ही एकत्र चालली, तर पुण्याच्या नद्यांसाठी झटणाऱ्या सर्व धर्मांच्या नागरिकांना या समाजाचा भक्कम आधार लाभेल.