सत्तावीस इंचांची नऊवारी

बालकांच्या चित्रस्पर्धेत बक्षीस म्हणून द्यावी यासाठी हंगेरीच्या राजदूतांनी पंडित नेहरूंच्या स्वाधीन केलेली एक बाहुली पाहून व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै यांचे मन तिच्यात गुंतले आणि पुढे पंतप्रधानांच्या परराष्ट्र दौऱ्यांत वार्ताहर म्हणून हिंडताना ते मुलुखामुलुखांच्या बाहुल्या गोळा करू लागले. त्या पुनःपुन्हा बांधून प्रदर्शनांना नेण्याआणण्यात नासू लागल्या, तेव्हा त्यांना कायमचे स्थान असावे अशी सूचना इंदिरा गांधींनी केली. आणि ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावर शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आज तेथे सुमारे ८५ देशांच्या साडेसहा हजारांवर बाहुल्या आहेत. संग्रहालयाला जोडून कारखानाही आहे. निरनिराळ्या प्रांतांची शरीरयष्टी, पेहराव आणि अलंकार यांचा अभ्यास करून तेथे भारतीय बाहुल्या सजविल्या जातात, आणि १९८० साली पोलंडमधील क्राकोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना ‘सोनेरी मोरपीस’ हे पहिले पारितोषिक लाभले. हा मान मुख्यत्वे वेशभूषेचा होता, असे मी मानतो.

घरी बसून चिनीमातीच्या बाहुल्या करणाऱ्या हौशी कारागिरालाही वेशभूषेच्या या महत्त्वाचा प्रत्यय लवकरच येतो. चिनीमातीचे साईसारखे दाट द्रावण प्लास्टरच्या साच्यात ओतावे, साच्याने पाणी शोषून कडेला पातळ कवच धरले की उरलेले ओतून टाकावे, आणि नखाच्या धक्क्यानेही फुटेल असे ते कच्चे मुख ओल्या कुंचल्याने साफ करून सुमारे १२०० अंशांच्या भट्टीत द्यावे. भाजताना ते जवळजवळ सातव्या हिश्श्याने आकसते, म्हणून साचा त्या हिशेबाने आधीच मोठा ठेवावा लागतो. त्वचेला झिलई दिली जात नाही. जर्मनीच्या थुरिंगियातील आणि फ्रान्समधील एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी याच निस्तेज, मऊ भासणाऱ्या ‘बिस्क’ पृष्ठावर आपली कीर्ती उभारली. गालांची लाली, ओठ, भुवया हे सारे थरावर थर देऊन, प्रत्येक वेळी मंद आचेच्या भट्टीतून काढून सिद्ध होते. एवढ्या परिश्रमांनंतरही मुख कोणत्याच देशाचे नसते; देश ठरतो तो वस्त्रांनी.

बाहुलीघरातल्या छोट्या बाहुल्यांचे प्रचलित प्रमाण बारास एक असे असल्याने प्रौढ स्त्रीची उंची साडेपाच इंचांच्या आसपास आणि मस्तक इंचाहून लहान. याच हिशेबाने नऊवारी लुगड्याची लांबी सत्तावीस इंच आणि पन्हा चार इंचांच्या आतबाहेर येतो. परंतु लांबीरुंदी बारापट घटली तरी धाग्याची जाडी घटत नाही. यथाप्रमाण लुगडे नेसविले तर निऱ्यांचा गठ्ठा होऊन बाहुलीची कंबर नाहीशी होते. म्हणून काष्टा, निऱ्या आणि पदर वेगवेगळे कापून, निऱ्या टाचण्यांनी ताठ धरून, खळ लावून वाळविल्यावर अंगावरच शिवाव्या लागतात. पुष्कळ धुण्यांनी मऊ झालेले जुने सुती किंवा रेशमी वस्त्र यासाठी नव्या कोऱ्या कापडाहून श्रेष्ठ, आणि काठ पाव इंचाहून रुंद नको.

असा कपडा शोधणाऱ्याला दिल्लीत सरोजिनी नगराची वाट धरावीशी वाटते. पूर्वी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सरकारी नोकरांच्या वसाहतीने वाढलेल्या या भागाचा बाजार परदेशी पाठवणीतून उरलेल्या तयार कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील झिरझिरीत सुती झग्याची एक बाही पुरली तरी बाहुलीची चोळी आणि परकर दोन्ही निघतात. बारीक फुलांची नक्षी आणि अरुंद लेस मात्र निवडून घ्यावी, कारण मोठी नक्षी एवढ्याशा अंगावर केवळ डाग दिसते.

एक तजवीज मात्र प्रत्येक हौशी माणसाने करावी असे मला कळकळीने वाटते. बाहुली पूर्ण होताच तिच्या पेटीत एक टाचण ठेवावे, आणि त्यात नेसणे कोणत्या मुलुखाचे, कापड कोणते, काष्टा कसा घातला, नथीला मोत्यांऐवजी कोणते मणी ओवले, हा सर्व तपशील लिहावा. नेसविण्याचा आकृतिबंधही त्याच कागदाच्या पाठीवर काढून ठेवावा.