अतिदक्षता विभागातला आहार आणि ऑक्सिडेटिव्ह ताण

मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचा थोडा अंश सुपरऑक्साइडसारख्या अतिक्रियाशील रूपात बाहेर पडतो. निरोगी शरीर तो लगेच निष्प्रभ करते. सेप्सिस, मोठी भाजणूक किंवा गंभीर अपघातात मात्र हा तोल ढळतो. जंतूंना मारण्यासाठी पांढऱ्या पेशी हीच रूपे भरमसाट बनवतात, मायटोकॉन्ड्रियाही बिघडतात, आणि पेशीपटले, प्रथिने व डीएनए यांना इजा होते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण.

त्याला आवर घालणारी यंत्रणा आहारावर पोसली जाते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराला तांबे, जस्त, मँगॅनीज लागते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम. ग्लुटाथायोन स्वतः तीन अमिनो आम्लांपासून बनते. ई जीवनसत्त्व पेशीपटलातल्या मेदाचे रक्षण करते आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कार्यक्षम करते. रुग्ण आधीच कुपोषित असेल तर हे सगळेच तोकडे पडते. त्यात थायमिनचा साठा जेमतेम काही आठवडे पुरतो. तो संपला की ग्लुकोजपासून ऊर्जा मिळण्याची वाटच अडते आणि रक्तात लॅक्टेट साचते.

म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते चूक आहे. तीव्र आजारात यकृत स्वतःच ग्लुकोज तयार करत राहते, बाहेरून अन्न दिले तरी थांबत नाही. इन्शुलिनही नीट काम करत नाही. अशा वेळी जादा उष्मांक मायटोकॉन्ड्रियावर लादले की सुपरऑक्साइड वाढते, शिवाय बिघडलेले पेशीभाग मोडीत काढण्याची पेशीची प्रक्रिया मंदावते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रिरिया-३ या फ्रेंच चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या, रक्तदाब औषधांवर टिकवलेल्या ३,०४४ रुग्णांपैकी काहींना पहिला आठवडा किलोमागे रोज ६ किलोकॅलरी, तर काहींना २५ किलोकॅलरी देण्याचे ठरले होते. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. कमी उष्मांकवाले अतिदक्षता विभागातून हलवण्याजोगे लवकर झाले. सध्या बहुतेक ठिकाणी २४ ते ४८ तासांत नाकातल्या नळीवाटे थोडे अन्न सुरू करून ते काही दिवसांत वाढवत नेतात.

अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रांनी तर निराशाच केली. २०१३ च्या रेडॉक्स चाचणीत अनेक अवयव निकामी होत असलेल्या १,२२३ रुग्णांमध्ये सेलेनियमसह अँटिऑक्सिडंटचा उपयोग झाला नाही आणि ग्लुटामिन हे अमिनो आम्ल घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. २०२२ च्या लोव्हिट चाचणीत सेप्सिसच्या रुग्णांना शिरेवाटे क जीवनसत्त्व दिले, तेव्हा मृत्यू किंवा अवयवांचा टिकून राहिलेला बिघाड ४४.५ टक्क्यांत दिसला; ते न दिलेल्यांत ३८.५ टक्क्यांत. यामागे दोन कारणे असू शकतात. एक तर दाह असताना सेलेनियम, जस्त रक्तातून ऊतींकडे सरकतात, त्यामुळे रक्तातली घट ही दरवेळी खरी उणीव नसते. दुसरे, क्रियाशील ऑक्सिजन जंतू मारायलाही लागतो.

खरी उणीव दिसते ती मोठ्या भाजणुकीत. जखमांतून पाझरणाऱ्या द्रवाबरोबर तांबे, जस्त आणि सेलेनियम शरीराबाहेर जाते, आणि तिथे त्यांची शिरेवाटे भरपाई करणे उपचाराचाच भाग ठरते.