माइक बंद असतो तेव्हा

हातानं काम करणाऱ्या माणसांवर मी मराठीत पॉडकास्ट करते. डोंबिवलीतलं राहतं घर हाच स्टुडिओ. निर्माती, संपादक, हरकाम्या, सगळं मीच. दर गुरुवारी नवा भाग येतो, त्यामुळे बुधवारी श्वास घ्यायला फुरसत नसते. या बुधवारी हातात होता पेटी दुरुस्त करणाऱ्या एका काकांवरचा भाग. दिवसाचा हिशेब मांडला तर माइकसमोर जेमतेम पाऊण तास जातो. शो वाढतो तो उरलेल्या वेळात.

सकाळी 6.00

निवेदनाचं रेकॉर्डिंग. सोसायटीची पाण्याची मोटर आणि घंटागाडी सुरू व्हायच्या आत ते उरकायचं. पंखा बंद, फ्रिज बंद. घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते, म्हणजे तो परत सुरू केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. उघड्या कपाटाकडे तोंड करून बसते. कपडे आवाज शोषून घेतात, घुमत नाही. माइक डायनॅमिक प्रकारचा, तोंडापासून वीतभर अंतरावर. नवखे लोक आधी महागडा कंडेन्सर माइक घेतात आणि तो समोरच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्याही इमानेइतबारे टिपतो. पैसे खर्चायचेच असतील तर आधी जाड पडदे घ्यावेत.

सकाळी 8.10

दादरला जाणारी फास्ट लोकल. कच्चा भाग साध्या वायरवाल्या इअरफोनवर ऐकते, कारण माझे बरेच श्रोते इथेच, दांडीला धरून ऐकतात. घरच्या शांततेत काकांचं प्रत्येक वाक्य कळत होतं. इथे गाडीनं वेग घेतला की त्यांच्या वाक्यांची शेपटं गायब, माझा आवाज मात्र खणखणीत. पाहुणा आणि निवेदक एका पातळीवर आणणं हे एडिटचं पहिलं काम. एकूण आवाजाची पातळी अ‍ॅपल उणे 16 एलयूएफएस सुचवतं, स्पॉटिफाय उणे 14. मी उणे 16 धरते. कुठे कंटाळा आला ती वेळ मोबाइलवर टिपून ठेवते. स्वतःच्याच भागाचा कंटाळा आला तर तो भाग कापायचाच.

सकाळी 10.00

संगीतावरच्या एका मराठी शोमध्ये आज मी पाहुणी. शो वाढवायचे जेवढे मार्ग माहीत आहेत त्यांत हा सगळ्यात खात्रीचा. ज्यानं आयुष्यात पॉडकास्ट ऐकला नाही त्याला सवय लावण्यापेक्षा, रोज ऐकणाऱ्याला आणखी एक शो सुचवणं कितीतरी सोपं. शो शेजारच्या विषयाचा आणि साधारण आपल्याच आकाराचा निवडावा, म्हणजे दोघांनाही गरज असते. तिथे जाऊन ‘माझा शो नक्की ऐका’ असं घोकायचं नाही. एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट सांगायची आणि निघताना एकाच भागाचं नाव घ्यायचं. परतफेड म्हणून त्यांचा मिनिटभराचा ट्रेलर मी माझ्या फीडवर टाकते.

दुपारी 12.30

डबा खाताना आकडे. आठवड्यातून एकदाच बघते, रोज बघितले तर जेवण जात नाही. डाउनलोडच्या आकड्यावर फार जीव टाकू नये. प्रचलित मोजणीत मिनिटभराएवढा आवाज फोनवर उतरला की डाउनलोड धरला जातो. पुढे कुणी ऐकलं की नाही, ते त्यात येत नाही. 2023 च्या सप्टेंबरात आयफोनच्या नव्या प्रणालीनं जुने भाग आपोआप उतरवून घेणं कमी केलं, तेव्हा जगभरच्या अनेक शोंचे आकडे घसरले. ऐकणारी माणसं होती तेवढीच होती. म्हणून मी बघते ती भाग किती टक्के ऐकला गेला हे दाखवणारी रेघ. पहिल्या मिनिटात ती किती खाली येते आणि मध्येच कुठे खड्डा पडतो, एवढंच. गेल्या भागात खड्डा होता तो पाहुण्यांच्या पुरस्कारांच्या यादीपाशी.

दुपारी 2.00

एडिट. मूळ रेकॉर्डिंग सुरू होतं ते नेहमीसारखंच: नमस्कार, स्वागत, परिचय, काकांचं गाव, शिक्षण. हे सगळं उचलून मागे टाकलं. सोनं होतं बऱ्याच पुढे. काकांनी पेटीतली सुरांची पट्टी बाहेर काढली होती. पालिताण्याचे पितळी सूर, एक किंचित उतरलेला. आधी तो बेसूर आवाज वाजवून दाखवला. मग पातीखाली पातळ पत्रा सरकवून टोकाशी कानस फिरवली. खर्र, खर्र. टोकाशी घासलं की पाती हलकी होऊन सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. पुन्हा वाजवलं, अजून कमी. पुन्हा दोनदा कानस. मग म्हणाले, “आता ऐका, ताई,” आणि सूर बरोबर जागेवर बसला.

ही वीस-बावीस सेकंदं भागाच्या अगदी सुरुवातीला घेतली, माझा एक शब्दही त्याआधी नाही. ज्याला सारेगम कळत नाही त्यालाही कानांनी फरक कळतो, आणि हे झालं कसं या कुतूहलानं तो थांबतो. परिचय त्यानंतर, दोन वाक्यांत. माझे ‘अच्छा’, ‘हो का’, ‘वा’ सगळे काढले. काका उत्तर देण्याआधी गप्प बसतात ती जागा मात्र तशीच ठेवली. विचार करणाऱ्या माणसाची शांतता कापली की तो पाठ केलेलं बोलतोय असं वाटतं.

शेवटी काकांनी ‘संगीत मानापमान’मधल्या एका पदाची चाल वाजवली. चाल गोविंदराव टेंबे यांची, नाटक 1911 चं. टेंबे 1955 मध्ये गेले. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे ही चाल आता मोकळी आहे, आणि काकांचं वादन वापरायची परवानगी रेकॉर्डिंगवरच घेतली आहे. एखाद्या कंपनीची अलीकडची ध्वनिमुद्रिका मात्र लावता आली नसती, कारण त्या मुद्रणाचा हक्क वेगळा असतो. पु. लं.चा उतारा वाचायचा तर 2060 सरेपर्यंत परवानगी लागेल. साने गुरुजींचं लेखन मात्र 2011 पासून खुलं आहे.

दुपारी 4.30

शीर्षक. यादीत सरकत्या अंगठ्याला दिसतात ते पहिले पाच-सहा शब्द. ‘भाग अमुक, पेटी दुरुस्तीचे ज्येष्ठ कारागीर यांच्याशी संवाद’ या शीर्षकावर काकांच्या नातेवाइकांखेरीज कुणीही बोट ठेवणार नाही. भागाच्या क्रमांकाला अपलोड करताना वेगळा रकाना असतो, तो शीर्षकात कोंबू नये. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. काका त्या काळाबद्दल छान बोललेत. म्हणून शीर्षक ठरलं: ‘आकाशवाणीनं बंदी घातलेली पेटी सुरात कशी आणतात?’ प्रश्नाचं उत्तर भागात खरोखर आहे, ही अट मी पाळते. नाहीतर माणूस एकदा फसतो आणि कायमचा जातो.

संध्याकाळी 5.30

रीलसाठी कानशीचाच तुकडा, उभ्या चौकटीत, मराठी अक्षरांसह. ती अक्षरं आपोआप तयार होतात, पण ‘पेटीचा भाता’ ‘पेटीचा भत्ता’ होतो. हातानं दुरुस्त करावीच लागतात. वर्णनातही भागाचा गोषवारा चार ओळींत नीट लिहिते. अ‍ॅपलनं 2024 मध्ये भागांचा लिखित मजकूर आपोआप द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश होत्या, मराठी नव्हती. आपला भाग शोधात सापडायचा तर मराठी शब्द आपणच लिहून ठेवायचे.

संध्याकाळी 7.30

व्हॉट्सअ‍ॅप. इथे सरसकट फॉरवर्ड करून काही होत नाही. एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येतं, आणि फार फिरलेला मेसेज तर एका वेळी एकाच ठिकाणी. म्हणून आधी यादी करते: हा भाग कुणाच्या कामाचा? ओळखीतली भजनी मंडळं, पेटीचे क्लास घेणारे दोन शिक्षक, एक कीर्तनकार. प्रत्येकाला नावानिशी छोटा व्हॉइस मेसेज, काय ऐकायला मिळेल ते सांगून. लिंक उद्या सकाळी. शिक्षकांनी क्लासच्या ग्रुपवर टाकलं की ते माझ्या शंभर पोस्टींपेक्षा भारी पडतं.

मग गेल्या भागावरच्या प्रतिक्रियांना उत्तरं. ‘आवडला का?’ विचारलं की सगळे ‘मस्त’ म्हणतात. मी विचारते, “कुठपर्यंत ऐकलंत?” त्यावर खरं उत्तर येतं.

रात्री 9.30

पैशाचा विषय लवकर संपतो. लहान शोला मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मिळत नाहीत, पण वाद्यांच्या दुकानदाराला पेटीचे हजार रसिक पुरतात. प्रायोजक असला की ही जाहिरात आहे हे स्पष्ट सांगायचं. जाहिरात मानक परिषदेचा 2021 पासूनचा तसा दंडकच आहे, आणि श्रोत्यालाही ते रुचतं.

भाग अपलोड करून पहाटे 5.30 ची वेळ लावली. घरच्या वायफायवर तो उतरतो, आणि सकाळची लोकल पकडणाऱ्याच्या फोनमध्ये तयार असतो.

नव्यानं पॉडकास्ट काढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: जितके तास बनवायला लागतात तितकेच पोचवायला राखून ठेवा. दर आठवड्याला ते जमत नसेल तर पंधरा दिवसांनी एकच भाग काढा, पण ठरलेल्या वारी काढा आणि तो कुणासाठी आहे हे नावानिशी सांगता आल्याशिवाय माइक सुरू करू नका.